बास्केटबॉलचं स्कोअरशीट टॅबवर आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला रविवारी होणाऱ्या क्लबांच्या सामन्यांसाठी टॅबवर चालणारं स्कोअरिंग अ‍ॅप करायचंय, पॉइंट आणि फाउल दोन्ही ठेवायचेत, स्कोअर लिहायला टेबलावर बसणारी मुलं दर वेळी वेगळी असतात. मग डेटाबेस कसा आखावा, आणि स्क्रीनवर काय असावं? मी बरीच वर्षं पणजी-मडगावच्या सामन्यांना टेबलावर बसतो आणि नोकरी सॉफ्टवेअरची करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डेटाबेस. स्कोअर नावाचा आकडा साठवूच नका. साठवायच्या त्या घटना: अनुक्रमांक, क्वार्टर (सामन्याच्या चार भागांपैकी कोणता), घड्याळात उरलेली वेळ, टीम, खेळाडूचा नंबर, काय घडलं. स्कोअर, टीम फाउल (एका क्वार्टरमधले टीमचे एकूण फाउल), खेळाडूचे पॉइंट हे सगळं त्या यादीवरून दर वेळी मोजून काढा. अख्ख्या सामन्यात घटना काही शेकडाच होतात, साधा टॅबही ते क्षणात मोजतो. फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं, कागदी स्कोअरशीट नीट बघा. त्यात १ ते १६० आकडे छापलेले असतात. बास्केट झाली की नव्या स्कोअरच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला (फाउलबद्दल मिळणारा, कोणी न अडवता मारायचा शॉट) भरीव ठिपका, शेजारी खेळाडूचा नंबर, तीन पॉइंटची बास्केट असेल तर त्या नंबराभोवती गोल. पहिला-तिसरा क्वार्टर लाल पेनने, दुसरा-चौथा निळ्या किंवा काळ्या. म्हणजे कोणत्या बास्केटनंतर कोणती, हे कागदावर शेवटपर्यंत दिसतं. अ‍ॅपमध्ये नुसते दोन आकडे वाढत राहिले तर हीच गोष्ट हातची जाते आणि भांडण झालं की दाखवायला काही उरत नाही.

आणि भांडण होतंच. बास्केट पडते, टेबलावरचा मुलगा दोन पॉइंट दाबतो, तेवढ्यात रेफ्री हात हलवून ती रद्द करतो, कारण शॉटच्या आधीच हल्ला करणाऱ्याचा फाउल झालेला असतो. हे निदान लगेच कळतं. पण १७ नंबरचे पॉइंट ७ नंबराच्या नावावर गेले हे कळतं ते चार-पाच घटनांनंतर, बाकावरून कोच ओरडतो तेव्हा. शेवटचंच पाऊल मागे घेणारं बटण इथे उपयोगाचं नाही. शेवटच्या सहा-सात घटना स्क्रीनवर कायम दिसू द्या, कोणत्याही ओळीवर बोट ठेवलं की ती बदलता आली पाहिजे. जुनी ओळ पुसू नका, तिच्यावर काट मारून नवी जोडा. सगळ्यात जास्त वेळ या दुरुस्तीच्या स्क्रीनवर घालवा असं मी अगदी कळकळीनं सांगेन. पॉइंट वाढवणारं बटण कोणीही करतं. चूक चटकन आणि उघडपणे सुधारता येते म्हणूनच दोन्ही टीम टेबलावर भरवसा ठेवतात.

आता बटणांचा क्रम. फाउल झाल्यावर रेफ्री टेबलाकडे येऊन आधी खेळाडूचा नंबर दाखवतो, मग फाउलचा प्रकार, मग फ्री थ्रो किती किंवा बॉल कोणाकडे. तुमची स्क्रीनही त्याच क्रमानं चालू द्या: नंबर, प्रकार, पुढे काय. बास्केटचं उलटं आहे. रेफ्रीच्या बोटांवरून पॉइंट आधी कळतात, कोणी टाकली हे नजर शोधत असते. तिथे पॉइंट आधी, नंबर नंतर, आणि नंबर सापडला नाही तर रिकामा ठेवून पुढे जायची मुभा. टेबलावरच्या माणसाचे डोळे कोर्टावर हवेत. तीनदा खाली बघावं लागलं तर पुढची बास्केट चुकते.

हाफटाइमनंतर टीम बास्केट बदलतात, पण स्क्रीनवरच्या बाजू बदलू नका. टीम बाकाप्रमाणे डावी-उजवी राहू द्या. नंबर साठवताना अक्षरं म्हणून साठवा, कारण ० आणि ०० हे नियमानं दोन वेगळे खेळाडू आहेत. आणि आपल्याकडे एका टीमात तीन नाईक नि दोन फर्नांडिस सहज निघतात, तेव्हा यादीत आडनाव नको, नंबर मोठा आणि पहिलं नाव बारीक.

फाउलच्या हिशेबात खाचाखोचा आहेत. क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून दोन फ्री थ्रो, पण ज्या टीमकडे बॉल आहे तिनंच फाउल केला तर तो मोजला जातो, फ्री थ्रो मात्र मिळत नाहीत. कोचचा टेक्निकल फाउल (धक्काबुक्कीचा नव्हे, वागणुकीबद्दलचा) टीम फाउलांत धरत नाहीत. ओव्हरटाइममध्ये चौथ्या क्वार्टरची मोजणी पुढे चालू राहते. खेळाडू पाचव्या फाउलला बाहेर, पण दोन टेक्निकल, दोन अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेले फाउल) किंवा एकेक झाला तरी बाहेर. टाइमआउट पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. हे आकडे कोडमध्ये पक्के करू नका, प्रत्येक सामन्याच्या सेटिंगमध्ये ठेवा. फिबाचा क्वार्टर दहा मिनिटांचा, पण हौशी सामन्यांत आठ मिनिटं, तीही न थांबणाऱ्या घड्याळावर, असं सर्रास ठरवतात.

घड्याळासाठी दर सेकंदाला एक वजा करणारा टायमर लिहू नका. अ‍ॅप मागे गेलं की ब्राउझर तो सावकाश करतो. घड्याळ कधी सुरू केलं ते नोंदवा आणि फरक काढा. २४ सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा हे मोजणारं घड्याळ, पहिल्या आवृत्तीत घेऊच नका. आक्रमक रिबाउंडनंतर (हुकलेला शॉट रिंगला लागून बॉल परत त्याच टीमच्या हाती आला की) तो १४ वर आणायचा असतो, त्याला वेगळा माणूस आणि वेगळी स्क्रीन लागते.

नेटवर विसंबू नका. शाळेच्या किंवा चर्चच्या आवारातल्या कोर्टावर रेंज असेलच असं नाही. प्रत्येक घटना दाबल्याक्षणी टॅबमध्येच लिहा, पण ब्राउझरमधला साठा कायमचा समजू नका, सामना संपताच फाइल बाहेर काढा. एका वेळी लिहिणारं यंत्र एकच असू द्या, बाकीच्यांनी फक्त बघावं. टॅब सावलीत ठेवा, ऊन लागून तापला की स्क्रीन आपोआप मंदावते आणि आकडे दिसेनासे होतात. रंगसंगती काळ्या-पांढऱ्याच्या जवळची.

पहिले काही सामने शेजारी कागद चालू द्या आणि प्रत्येक क्वार्टरनंतर दोन्ही ताडून बघा. रेफ्रीची शेवटची सही कागदावरच घ्या. एका घटनेत कोणकोणती माहिती ठेवताय ते ठरलं की इथे टाका, रद्द झालेली बास्केट आणि बदललेला नंबर त्यात बसतो का ते मी तपासून सांगतो.