निकाल लागला, पण व्हर्डिक्ट नाही

प्रश्न : माझ्या मुलीने इंग्रजी निबंधात लिहिलं, ‘द व्हर्डिक्ट ऑफ माय एक्झाम केम यस्टरडे.’ बाईंनी ‘व्हर्डिक्ट’वर लाल रेघ मारून वर ‘रिझल्ट’ लिहिलं. मी शब्दकोश उघडला, तर व्हर्डिक्टचा अर्थ चक्क ‘निकाल’ असाच दिलाय. मग चुकलं कोण? ताई, तुम्ही कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करायचात, म्हणून तुम्हाला विचारते.

उत्तर : बाई बरोबर आहेत. मुलीला रागावू नका मात्र, कारण खरा घोळ आपल्या ‘निकाल’ने घातलाय. परीक्षेचा निकाल लागतो, खटल्याचाही लागतो, कुस्ती निकाली होते, तुंबलेली कामं निकाली काढतात आणि सासूबाईंचं म्हणणं निकालात काढतात. एवढ्या सगळ्या घरी राबणारा शब्द आहे हा. इंग्रजीने ही कामं वाटून दिलीत. परीक्षेला रिझल्ट. आपण मनाशी ठरवलं ते डिसिजन. न्यायाधीशाने कारणं देऊन लिहिलं ते जजमेंट, आणि शिक्षा सुनावली ती सेन्टेन्स.

व्हर्डिक्टचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ ‘खरं सांगितलेलं’. व्हेरिफाय आणि डिक्टेशन हे त्याचे भाऊबंद. फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘सी’ नव्हता. लॅटिनशी नातं दिसावं म्हणून तो मागाहून घातला, आणि लोक उच्चारूही लागले. ‘इंडाइट’मध्येही, म्हणजे आरोप ठेवणे या अर्थाच्या शब्दातही, असाच ‘सी’ घुसवलाय, पण तो कायमचा मुका राहिला. तेव्हा व्हर्डिक्टच्या चालीवर ‘इंडिक्ट’ म्हणू नका.

तर खरं काय ते सांगायचं. सांगणार कोण? मुळात ज्युरी, म्हणजे न्यायासनासमोर बसवलेली साधी माणसं. दोषी की निर्दोष, एवढं त्यांनी सांगायचं. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात 1670 साली विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या दोघांवर बेकायदा जमाव केल्याचा खटला चालला. पेनबद्दल ज्युरी आधी म्हणाली, ‘ग्रेसचर्च स्ट्रीटमध्ये बोलल्याबद्दल दोषी.’ बस, एवढंच! ‘बेकायदा’ हा शब्द काही केल्या जोडेनात. त्यांना अन्न, पाणी, शेकोटी न देता कोंडून ठेवलं, तरी बधले नाहीत. शेवटी ‘निर्दोष’ म्हणाले, तेव्हा दंड बसला त्यांनाच. एडवर्ड बुशेल या ज्युररने तो भरायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. त्याच्या प्रकरणात मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ठरवलं, की व्हर्डिक्टबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. एका विशेषणावरून केवढं महाभारत! भाषांतरकाराला अशी माणसं फार आवडतात.

आता माझी फजिती. नोकरीत नवी असताना एका अर्जात मी लिहिलं, ‘द व्हर्डिक्ट वॉज थ्री इयर्स इम्प्रिझनमेंट.’ आमच्या वरिष्ठांनी कागद परत पाठवला. ‘व्हर्डिक्ट’भोवती पेन्सिलीचं गोल आणि समासात एकच ओळ, ‘हा तुरुंगात धाडत नाही.’ तीन वर्षं ही सेन्टेन्स होती. व्हर्डिक्ट होता ‘गिल्टी’. बाईंच्या लाल रेघेपेक्षा ती पेन्सिल मला जास्त झोंबली होती, मुलीला सांगा.

क्रियापदंही ठरलेली आहेत. ज्युरी व्हर्डिक्ट ‘रिटर्न’ करते, कारण तिच्याकडे सोपवलेल्या प्रश्नाचं उत्तर ती न्यायासनाकडे परत आणते. ती व्हर्डिक्ट ‘रीच’ही करते. सेन्टेन्स मात्र ‘पास’ करतात. आणि आपण ‘निर्णय घेतो’ म्हणून ‘आय टुक अ व्हर्डिक्ट टु लीव्ह द जॉब’ असं लिहिलंत, तर नोकरी सुटेल पण वाक्य जमणार नाही. तिथे डिसिजनच हवं.

वर्तमानपत्रं न्यायाधीशाच्या निकालालाही व्हर्डिक्ट म्हणतात. मथळ्यात सुटसुटीत बसतो, आणि त्यात वावगंही काही नाही. कोर्टाबाहेर तर तो मजेत फिरतो. नवा चष्मा घालून तुम्ही आरशासमोरून वळलात आणि विचारलंत, ‘सो, व्हॉट्स द व्हर्डिक्ट?’, की समोरच्याने पारखून मत द्यायचं. इथे आपला ‘कौल’ छान बसतो. मला विचाराल तर शब्दकोशात निकालाच्या आधी तोच यायला हवा.

म्हणूनच परीक्षेच्या गुणांना व्हर्डिक्ट चालत नाही, ती बेरीज असते. पण तपासनिसाने निबंध वाचून ‘पाल्हाळ फार’ असा शेरा मारला, तर ‘द एक्झामिनर्स व्हर्डिक्ट ऑन माय एसे वॉज हार्श’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर. ‘ऑन’ विसरू नका. दोषी ठरवलं असेल, तर ‘अ व्हर्डिक्ट ऑफ गिल्टी’.

प्रश्न : जाता जाता, जजमेंटच्या स्पेलिंगमध्ये ‘जी’नंतर ‘ई’ येतो का?

उत्तर : अमेरिकन पद्धतीत सहसा नाही. ब्रिटिश पद्धतीत रोजच्या अर्थाने, म्हणजे समज किंवा पारख म्हणायचं असेल, तर ‘ई’ घालतात. कोर्टाच्या जजमेंटमध्ये तिथेही गाळतात. मी आयुष्यभर गाळत आले, आता घरच्या पत्रातसुद्धा हात आपोआप गाळतो.