वाचकांचे प्रश्न : चाकातला आवाज, बेअरिंगचा की टायरचा?

प्रश्न : माझी सात वर्षे वापरातली, पेट्रोलवर चालणारी लहान मोटार आतापर्यंत ६८,००० किलोमीटर धावली आहे. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा इंदिरानगरहून घोटीला जातो. गेल्या दीड महिन्यापासून वेग ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे गेला की दुरून विमान जावे तसा घूंऽऽ असा आवाज येतो आणि वेगाबरोबर तो चढत जातो. आवाज उजवीकडून येतो असे वाटल्यावरून मेकॅनिकने पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग बदलले, पण काडीचाही फरक पडला नाही. टायरच्या दुकानात आता चारही टायर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. महामार्गावरच्या मोठ्या वळणावर गाडी उजवीकडे वळत असताना आवाज वाढतो आणि डावीकडे वळताना जवळजवळ नाहीसा होतो. टायर बदलावेत का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : टायर तूर्त बदलू नका. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. आवाज कसा आहे, यावरून चाकाचे दुखणे सहसा कळत नाही, कारण झिजलेले बेअरिंग आणि वेडेवाकडे झिजलेले टायर या दोहोंची घूंघूं कसलेल्या कानालाही सारखीच वाटते. तो कशाने बदलतो, हे मात्र कोणालाही पारखता येते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा, बसमधले उभे प्रवासी बाहेरच्या बाजूला झुकतात त्याप्रमाणे, गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. त्या क्षणी आवाज वाढत असेल आणि डावीकडे वळताना भार उतरताच तो विरत असेल, तर पहिला संशय डाव्या बाजूच्या बेअरिंगवर घ्यायला हवा. तुमचे उजवे बेअरिंग बहुधा विनाकारण बदलले गेले आहे. त्यात मेकॅनिकला फार दोष देता येणार नाही, कारण आवाज गाडीच्या पत्र्यातून आणि सांगाड्यातून पसरतो आणि चालक स्वतः उजवीकडे बसलेला असल्यामुळे कान त्याला फसवतात. गाडी वळणावर चालवून न पाहता बेअरिंग खोलले, एवढी चूक मात्र त्याच्या पदरात घालावीच लागेल.

खात्रीसाठी एक सोपा प्रयोग करता येईल. रहदारी कमी असताना, डावीकडच्या आसनावर कोणाला तरी बसवून आणि काच खाली करून, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलावरून कठड्यालगतच्या लेनने ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने जावे. डाव्या चाकाचा आवाज कठड्यावर आपटून परत येतो, त्यामुळे तो आतल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येतो. सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहावी. इंजिनाचा आवाज खाली उतरला तरी घूंघूं तशीच राहिली, तर दोष इंजिनाचा नाही, हे नक्की होते. ही चाचणी कसारा घाटात मात्र करू नये. पेट्रोल वाचते या समजुतीने पुष्कळजण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात; वास्तविक आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये पेट्रोल तर वाचत नाहीच, उलट इंजिनाचा रोध गमावून सगळा भार ब्रेकवर पडतो.

डावे म्हणजे पुढचे की मागचे, हे वळणावरून कळत नाही. त्यासाठी गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम लोखंडी स्टँड लावून, एका हाताने चाक फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद टेकवावीत. कानाला काही ऐकू येत नसले तरी खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते, पितळी तपेल्यात वाळू घोळवावी तशी. चांगल्या बाजूची स्प्रिंग त्याच वेळी अगदी शांत असते, म्हणून दोन्ही बाजू लागोपाठ तपासून पाहाव्यात. यानंतर चाक वरून आणि खालून धरून हलवावे. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोलाकार सांधा) सैल आहे. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावरच खेळ लागत असेल, तर टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे, टोक तपासावे. इंजिन चालू करून आणि गिअर टाकून उचललेले एकच चाक फिरवण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे, ती टाळलेली बरी. डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, ते एकटे चाक वेगमापकावर दिसणाऱ्या वेगाच्या दुपटीने फिरते.

टायरचा संशय यानेही फिटला नाही, तर दोन गोष्टी पाहा. टायरच्या नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर टायरही आवाज करत असणार, आणि त्याचे मूळ बहुधा बिघडलेल्या अलाइनमेंटमध्ये (चाकांच्या कोनांच्या जुळणीत) किंवा दमलेल्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये सापडेल. असा आवाज रस्त्याचा पोत बदलला की लगेच बदलतो, वळणावर मात्र फारसा बदलत नाही. दुसरे, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहा. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. या प्रयोगाला मजुरीपलीकडे खर्च नाही. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर मात्र टायर त्याच बाजूला ठेवावेत.

बेअरिंग बदलायचेच ठरले, तर ते प्रेस मशिनवर बसवून घ्या. हातोडीने ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या धावेवर, म्हणजे आतल्या गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या कडीवर, गोळ्यांचे वळ उमटतात आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत गाऊ लागते. अनेक गाड्यांत एबीएससाठी (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) लागणारी चुंबकीय कडी बेअरिंगच्याच एका अंगाला असते. ते उलटे बसले की डॅशबोर्डवर दिवा पेटतो. हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, नट नवा घालून कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोराच्या मापावर) आवळला पाहिजे. जुने बेअरिंग मागून घ्या आणि पाहा. आतल्या पोलादी धावेवर सालपटे निघालेली असतील किंवा ग्रीस पाणी शिरून गढूळ झालेले असेल, तर निदान बरोबर होते. तोवर लांबचा प्रवास करू नये, आणि चाकात खेळ जाणवत असेल किंवा घूंघूंचे रूपांतर घरघरीत झाले असेल, तर गाडी मुळीच चालवू नये.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरजवळच्या एका वाडीवर कच्च्या रस्त्याने गेलो होतो. परतताना मागच्या चाकातून एकाएकी पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज सुरू झाला. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. पॅड संपले असतील का?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : आवाज एकाएकी सुरू झाला आणि तोही कच्च्या रस्त्यानंतर, यावरून डिस्क आणि तिच्यामागचा पातळ संरक्षक पत्रा यांच्यात खडा अडकला असावा. मोकळ्या जागी गाडी सावकाश दोन-तीन वेळा मागेपुढे घ्यावी. पुष्कळदा खडा तेवढ्यानेच निसटून पडतो. नाहीच पडला, तर चाक काढून तो पत्रा बोटाने हलकेच बाहेर वाकवावा लागतो. हे पाच मिनिटांचे काम आहे, त्यासाठी कोणी पॅड आणि डिस्क दोन्ही गळ्यात मारू लागला तर नकार द्यावा. पॅड संपत आल्याची किंचाळी वेगळी असते. ती अनेक दिवस अधूनमधून येते आणि ब्रेक दाबल्यावर बदलते. तरी चाक काढलेच आहे तर पॅडची जाडी पाहून घ्यावी, आणि ती ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी पंक्चर काढले. तेव्हापासून हळू वेगातही त्याच चाकातून टक् टक् येते. वेगाबरोबर टकटक जलद होते. काय असेल?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : गाडी जिथे आहे तिथेच ठेवा आणि आधी त्या चाकाचे नट तपासा. पंक्चरनंतर सुरू झालेल्या टकटकीत पहिला संशय त्यांचाच असतो. चाक वर असताना नट हाताने बसवून, गाडी खाली टेकल्यावर ते समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, ओळीने नव्हे. आट्यांना तेल लावू नये, आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा एकदा पान्हा लावून पाहावा. नट घट्ट निघाले, तर टायरच्या खाचांमधून एकवार नजर फिरवा. खडा रुतला असेल तर स्क्रूड्रायव्हरने काढून टाका. खिळा दिसला, तर मात्र तो उपसू नका. तसाच ठेवून स्टेपनी लावा आणि ते चाक पंक्चरवाल्याकडे न्या.