सोलापुरात चारचौघांत ड्रोन उडवायला लाज वाटते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात राहता, ड्रोन घेऊन बरेच दिवस झाले, हॉलमध्ये उडवून उडवून हात बसला, पण बाहेर नेला की माणसं बघायला लागतात, पोरं जमतात, कुणीतरी येऊन काहीतरी विचारतं आणि तुम्हाला इतकं अवघडल्यासारखं होतं की बॅग न उघडताच घरी परत येता. मी पण सोलापूरचीच, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोबाचं काम बघते आणि सुट्टीच्या दिवशी ड्रोन उडवते, गेली काही वर्षं. एकटी बाई रानात रिमोट धरून उभी म्हटल्यावर लोक जरा जास्तच बघतात, त्यामुळे तुमचं अवघडलेपण मला नीट कळतं.

आधी एक सांगते. अशा वेळी सगळे म्हणतात की अहो कुणी बघत नसतं, आपल्यालाच वाटतं. त्याच्यामागे अभ्यास पण आहे, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली छापलेला, त्यात विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टीशर्ट घालून वर्गात पाठवलं होतं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असणार, आणि खरं बघितलं तर साधारण चौथा हिस्सा लोकांच्याच लक्षात आलं होतं. अभ्यास चांगलाच आहे पण ड्रोनला तो लागू करू नका, कारण टीशर्ट आवाज करत नाही. ड्रोनकडे लोक बघतातच, शंभर टक्के बघतात, आणि कुणी बघणार नाही असं मनाशी ठरवून गेलात तर पहिला माणूस थांबला की तुमचा धीर सुटणार. म्हणून लोक बघणार हे धरूनच जायचं. मग बघायचं एवढंच की ते बघताना त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं.

आणि आपल्या भागात डोक्यात बरंच काही चाललेलं असतं. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यापासून आपल्या बाजूपर्यंत गावोगाव बोललं जात होतं की रात्री ड्रोन फिरतात, चोर घरं हेरून जातात, लोक काठ्या घेऊन रात्रभर जागे. पुढच्या वर्षी मे महिन्यात सीमेवर ड्रोनचे हल्ले झाले, टीव्हीवर दिवसभर तेच, देशात कितीतरी शहरांत ड्रोनवर बंदीचे आदेश निघाले. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात अर्धं गाव गच्चीवर झोपतं, गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, बायका गाऊनवर वावरत असतात, वरून कॅमेरा फिरतोय म्हटल्यावर कुणालाही राग येणार आणि तो राग बरोबर आहे. म्हणजे तुम्ही ज्याला लाज म्हणताय त्यातला मोठा भाग समोरच्याच्या संशयाचा आहे, आणि तो तुम्हाला नजरेतून जाणवतो. गंमत म्हणजे लाजेपोटी आपण जे जे करतो त्याने हा संशय दुप्पट होतो. लांब झाडाआड जाऊन उभं राहायचं, कुणी आलं की पाठ फिरवायची, विचारलं तर तुटक बोलायचं, मान खाली घालून बॅग भरायची. बघणाऱ्याला ती चोराची लक्षणं वाटली तर त्याला काय दोष देणार?

माझं सगळं उत्तर एवढंच आहे की उघड्यावर उभे राहा आणि स्क्रीन दाखवा. बाकीचं हे जमण्यासाठी काय करायचं ते सांगते.

पहिलं काम घरी बसून करायचं, ते म्हणजे आपण इथे उडवू शकतो का याची खात्री. खरं सांगू का, मनात कुठेतरी "हे चालतं का नाही कोण जाणे" असेल ना तर कुणीही नुसतं "परमिशन आहे का?" म्हटलं की पोटात गोळा येतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमीपर्यंत रेड झोन, ५ ते ८ किमी यलो, म्हणजे दोन्हीकडे परवानगीशिवाय उडवायचा नाही, ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत चालतं आणि त्याच्या पुढे ग्रीन, म्हणजे मोकळा झोन असेल तर ४०० फूट. आता होटगी रोडच्या विमानतळावरून खरोखर विमानं उडायला लागलीत, आणि शहराचा मोठा भाग ८ किमीच्या आतच येतो. तुमचं जुळे सोलापूर पण. त्यामुळे गच्चीवरून सुरुवात करू म्हणत असाल तर ते डोक्यातून काढा, हॉलमध्ये ठीक आहे. कंबर तलाव कितीही छान दिसला तरी तो विमानतळाच्या जवळ आहे. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याचा, तिथे परवानगीशिवाय नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, तिथे तर नाहीच नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचं वरून शूटिंग करायची इच्छा सगळ्यांनाच होते, पण खाली एवढी गर्दी असताना हौशी माणसाने ड्रोन उडवायचा नसतो. डिजिटल स्काय म्हणजे सरकारची ड्रोनची वेबसाइट, तिचा मॅप उघडा, जागा बघा, त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी नंबर घ्या आणि ड्रोनवर चिकटवा. २५० ग्रॅमच्या आतला नॅनो असेल किंवा २ किलोपर्यंतचा आणि नुसता हौसेसाठी असेल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. खरेदीचं बिल पण जवळ असू द्या, फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे त्यामुळे कुठून घेतला हे कधीतरी विचारलं जातं. हे सगळं फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवलं ना की आवाजच बदलतो आपला, खरंच.

दुसरं, लाज सगळ्यात जास्त वाटते ती उडवायच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत. ड्रोन जमिनीवर, तुम्ही वाकलेले, ॲप म्हणतंय अपडेट करा, कंपास कॅलिब्रेट करा, मेमरी कार्ड नाही, जीपीएस सापडत नाही, आणि चार माणसं डोक्यावर उभी. हवेत गेल्यावर कुणालाच काही वाटत नाही, तुम्हालाही नाही, सगळे वर बघतात. म्हणून ती मिनिटं कमी करा. आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज, अपडेट झालेलं, कार्ड आत, पंखे तपासलेले, ड्रोन आपोआप परत येतो ती उंची झाडं आणि विजेच्या तारांच्या वर सेट केलेली. जागेवर गेल्यावर मी ड्रोन सपाट जागी ठेवते, चालू करते, सॅटेलाइट मिळून होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, नोंदला असं ॲप सांगेपर्यंत सरळ उभी राहते आणि तोपर्यंत जे कोण आलेत त्यांच्याशी बोलते. वाकून बसायचं नाही. मग एकदम वर, पन्नासेक मीटर. लहान ड्रोन तिथे गेला की आवाज जवळजवळ संपतो आणि निम्मी माणसं आपापल्या वाटेला लागतात. डोक्याच्या उंचीवर भुणभुणत ठेवला की लोक पांगत नाहीत आणि धोका पण असतो.

आता बोलायचं काय. प्रश्न ठरलेले असतात हो, सगळीकडे तेच. कितीला बसलं? किती लांब जातंय? पडलं तर? आमचं घर दिसतंय का? लग्नाची ऑर्डर घेता का? तुम्हाला याची उत्तरं तोंडपाठ पाहिजेत, एकेका वाक्यात, हसून. किमतीचं मी खरं सांगते, लपवलं की लोक अजून खोदतात. रेंजचं विचारलं की सांगते, किती का जाईना, डोळ्याला दिसतो तेवढाच लांब नेते. लग्नाच्या ऑर्डरीला सरळ नाही, तो धंदा झाला आणि त्याचे नियम वेगळे. आणि कुणी विचारायच्या आधीच मी स्वतः आवाज देते, "ओ काका, ड्रोन उडवतेय हं, दहा मिनिटं, वरून शेतं बघायची आहेत, या बघायला." हे एक वाक्य पहिल्यांदा घशातून निघत नाही पण एकदा निघालं की पुढचं सगळं सोपं जातं. हात थरथरत असतील तर ड्रोन हवेत एका जागी थांबवा, रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून द्या, जीपीएस चांगला असेल तर तो जागेवर उभा राहतो, आणि आधी माणसाशी बोलून घ्या. उडवता उडवता बोलायची सवय सावकाश होते, तोपर्यंत दोन्ही एकदम करायचा हट्ट धरू नका.

तुळजापूर रोडला हिप्परगा तलावाच्या पलीकडे माझ्या मैत्रिणीच्या सासरचं शेत आहे, मी बऱ्याचदा तिथे जाते, त्यांना विचारून. एकदा शेजारच्या रानातले एक आजोबा बांधावरून तरातरा आले, टोपी, हातात खुरपं, चेहरा लालबुंद. "कुणाचं हाय हे? कशाला फोटू काढताय आमच्या रानाचं?" मी काहीच न समजावता स्क्रीन त्यांच्याकडे केली, उन्हात दिसेना म्हणून पदराची सावली धरली. ते बघतच राहिले. पहिलं त्यांनी विहीर ओळखली, मग कडब्याची गंज, मग घराचं पत्र्याचं छप्पर, त्याच्यावर ठेवलेले दगडसुद्धा दिसत होते. मग बोट ठेवून म्हणाले, इथून जरा हळू न्या. नेलं. त्यांना बघायचा होता बांध. वरून सरळ दिसत होतं की बांध मधेच एका बाजूला वाकलाय, आणि ते खुरपं तसंच हातात धरून म्हणाले, "बगा, म्हनत हुतो का न्हाई, कोरलाय त्यानं." आता पंचाईत! त्यांना तो व्हिडिओ मोबाईलवर पाहिजे होता, भावकीला दाखवायला. मी दिला नाही, सांगितलं की आजोबा मोजणी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून होते, माझ्या खेळण्यातल्या व्हिडिओवरून भांडण नको. पटलं त्यांना, थोडं नाराज होऊन पटलं. त्यांची म्हातारी मागून आली, ती कानडीतून "एन री इदु?" करत, तिला तिच्या दारातली शेळी दाखवली. नंतर हुलग्याचं माडगं आलं प्यायला. हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतेय कारण तो माणूस भांडायला आला होता आणि फक्त स्क्रीन बघून बसला. स्क्रीनवर काय आहे हे माहीत नसणं हाच त्यांचा त्रास होता.

पण दाखवायचं म्हणजे दाखवण्यासारखंच शूट करायला पाहिजे ना. कुणाच्या गच्चीवर, अंगणात, धुणं धुणाऱ्या बायकांवर कॅमेरा नेलात आणि मग लाज वाटत असेल तर ती योग्यच आहे, ती घालवू नका. बाईचं खासगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, "चुकून आलं" हे कुणी ऐकून घेत नाही. अंधारात उडवू नका, अफवांच्या दिवसांनंतर तर अजिबात नको. तलावाकडे थंडीत पाहुणे पक्षी असतात, पाण्यावरून थव्याकडे नेऊ नका, बिचारे आधीच लांबून आलेले असतात. आणि घार मागे लागली तर घाईने खाली आणायचा मोह होतो, ती वरून झेप घेते म्हणून आधी जरा वर घ्यायचा आणि मग लांबून फिरवून उतरवायचा.

सुरुवात कधी करायची तर सकाळी. संध्याकाळी पोरं रिकामी असतात, गलका फार. सकाळी सहा-सातला फिरायला आलेली मोठी माणसं असतात, ती एक प्रश्न विचारतात, उत्तर ऐकतात आणि चालायला लागतात, नवशिक्याला हेच प्रेक्षक बरे. उन्हाळ्यात तर सकाळशिवाय पर्याय पण नाही, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि बऱ्याचशा छोट्या ड्रोनना कंपनीने ४० अंशांपर्यंतच चालवा म्हणून दिलेलं असतं, बॅटरी फुगते. शक्यतो कुणालातरी सोबत न्या, पण नुसतं उभं राहायला नाही, त्याने लोकांशी बोलायचं आणि तुम्ही आकाशाकडे बघायचं. माझी भाची यायची सुरुवातीला, ती गप्पिष्ट आहे, मला फार आधार वाटायचा. आणि बिलकुल निर्मनुष्य जागा शोधू नका, तिथे एक जरी माणूस आला तरी तो "इथे एकटे काय करताय" याच नजरेने येतो.

पोलीस आले तर ड्रोन उतरवा, रिमोट खाली ठेवा, मग बोला. फोल्डर उघडून मॅप, यूआयएन, बिल दाखवा. शक्य असेल तर त्या भागातल्या पोलीस ठाण्यात आधीच जाऊन सांगून या, आणि सणावाराला, वारीच्या दिवसांत, कुणी मोठा नेता येणार असेल तेव्हा ड्रोनबंदीचा आदेश आहे का ते विचारा, असे आदेश निघत असतात.

आणि कधीतरी कुणीतरी स्क्रीन बघून, सगळं ऐकून सुद्धा म्हणेल की आमच्या इथे नको. तेव्हा वाद घालत बसू नका, नियम बरोबर असला तरी नको. "बरं काका, उतरवते" म्हणायचं, उतरवायचा, त्यांच्यासमोरच बॅगेत भरायचा. मला अशी माणसं भेटलीत, त्यातल्या एकाने पुढच्या वेळी स्वतःच हाक मारून विचारलं की आज नाही का आणलं ते.