माझी मोटर नदीच्या हिशेबात कुठे बसते?

प्रश्न : माचणूरजवळ भीमेकाठी माझं रान आहे, त्यात दोन एकर ऊस. पावसाळा लागला की रोज पेपरात दौंडचा विसर्ग (तिथून उजनी धरणात येणारं पाणी) बघायचा आणि उजनी प्लसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या वर, कधी येते याची वाट पाहायची, हे आमचं दरवर्षीचं. पुतण्या पुण्यात सिव्हिलला आहे. तो म्हणतो, माणसांनी पाणी अडवलं-उचललं नसतं तर भीमा किती वाहिली असती हे संगणकावर काढता येतं. जी नदी आता उरलीच नाही ती मोजणार कशी? आणि माझ्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीनं तिला काय फरक पडतो?
– एक शेतकरी, ता. मंगळवेढा

उत्तर : मोटरीचा प्रश्न आधी घेतो. नदीपासून तुमच्या रानापर्यंत पाइपातल्या घर्षणासह 20 मीटरचा चढ धरू आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी धरू. मग पाच हॉर्सपॉवरची मोटर सेकंदाला 9-10 लिटर पाणी उचलते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. म्हणजे तीन मोटरी चालल्या की नदीतून एक क्युसेक गेला. ऑगस्टच्या पुरात याची कुणी दखलही घेणार नाही. पण एप्रिलमध्ये तुमच्या पट्ट्यात 300 मोटरी एकदम सुरू झाल्या तर 100 क्युसेक गेले, आणि त्या दिवसांत ते फार असतात.

आता पुतण्याचं म्हणणं. ते खरं आहे. आधी पाऊस, जमिनीचा उतार, मातीचा प्रकार आणि पीक यांवरून किती पाणी ओढ्यांतून नदीला येईल हे काढतात. त्यावर माणसांचा व्यवहार चढवतात: धरणात अडवलेलं, कालव्यात सोडलेलं, मोटरींनी उचललेलं, उन्हानं उडालेलं आणि ओढ्या-गटारांतून परत आलेलं पाणी. उत्तर नदीवर मोजलेल्या प्रवाहाशी जुळेपर्यंत या गणितातले, म्हणजे प्रतिमानातले (मॉडेलमधले) आकडे दुरुस्त करतात. जुळलं की माणसांचा व्यवहार काढून टाकून तेच गणित पुन्हा चालवतात. दोन उत्तरांतला फरक म्हणजे आपण नदीत केलेला बदल.

उजनी 1980 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा त्याआधीच्या नोंदी पडताळ्याला उपयोगी पडतात. पण त्या काळातही भीमा मोकळी नव्हती. खडकवासला एकोणिसाव्या शतकातलं, आणि मुळशीचं पाणी 1920 च्या दशकापासून घाटाखाली वीज करून कोकणात उतरतं. ते भीमेला परत मिळत नाही.

माझी नोकरी नदी मोजण्यात गेली, म्हणून पावसापेक्षा मला मोजमापाची काळजी जास्त वाटते. कपांचा करंट मीटर दोरीनं पाण्यात सोडायचा, उथळ पात्रात वरून खोलीच्या सहा-दशांशावर धरायचा, फेरे मोजायचे आणि थोडं पुढे सरकून पुन्हा तेच. अशा मोजण्यांवरून पातळी आणि प्रवाह यांचा आलेख बनतो; मग रोज फक्त पट्टीवरची पातळी वाचली तरी भागतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मात्र हा आलेख फसतो. फुगवट्यामुळे पट्टीवर पाणी भरपूर दिसतं आणि नदी जागेवर उभी असते. ही गोष्ट ध्यानात न घेता बसवलेलं प्रतिमान उन्हाळ्याबाबत खोटं बोलतं.

मोटरींचा उपसा तर कुणी मोजतच नाही, तो अंदाजानं धरावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी एक सोय आहे. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून नदीत सोडलेलं पाणी पंढरपूर, माचणूर करत खालच्या औज बंधाऱ्यापर्यंत यायला आठ-दहा दिवस घेतं, आणि त्या काळात नदीकाठचा वीजपुरवठा कमी करतात. वीज असताना वाटेत किती पाणी गळालं आणि नसताना किती, हे बारकाईनं मोजलं तर उपसा बऱ्यापैकी पकडता येईल. माझ्या मते आपल्या भागात प्रतिमान बसवणाऱ्यानं पहिला हात इथेच घालावा.

उत्तर काय येतं, तेही ऐका. पावसाळ्याचं पाणी वर अडतं, म्हणून खालचे लहान-मध्यम पूर घटतात. मे महिन्यात मात्र तुमच्यासमोरून आज जाणारं पाणी धरणाविना गेलं असतं त्याहून जास्तही भरू शकतं. तेव्हा नदी बारीक धार आणि डोह एवढीच उरली असती. म्हणून वर्षाची सरासरी पाहून भागत नाही, महिन्यामहिन्याचा हिशेब हवा.

दुसरं असं की उचललेलं सगळंच पाणी संपत नाही. शहराला दिलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परततं असं नियोजनात धरतात. पुण्याचं ते मुळा-मुठेतून उजनीत येतं. आकड्यात ते पाणीच, पण त्याची घाण आपल्याला सोसावी लागते आणि प्रवाहाच्या हिशेबात ती दिसत नाही. उसाचं तसं नाही. एका एकराला वर्षात पावसासह सुमारे 80 लाख लिटर पाणी लागतं आणि त्यातलं बहुतेक पानांवाटे हवेत जातं. तेवढंच पाणी मे महिन्यात उजनीच्या एका चौरस किलोमीटर पृष्ठभागावरून दिवसाकाठी उडतं, 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर. तेव्हा सगळं खापर उसावर फोडणाराही अर्धाच हिशेब मांडतो.

ठिबक करा, जरूर करा. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावलात तर नदीला काही मिळणार नाही. पूर्वी रानातून झिरपून परत जाणारं पाणीही थांबेल.

पुतण्याला हे काम करायचं असेल तर तुम्हीच त्याला मदत करा. मोटर कधी सुरू केली, कधी बंद केली, पाइप किती लांब आणि किती इंची, नदीची पातळी त्या दिवशी घाटाच्या कितव्या पायरीला होती, एवढं वहीत लिहायला लागा. शेजारच्या चार-पाच जणांनाही लिहायला लावा. उजनीतून पाणी सुटण्याआधीच सुरुवात करा, म्हणजे वीज कपातीच्या आधीचे आणि नंतरचे दिवस दोन्ही हाती येतील.