ट्रामाडॉल एकदम तोडू नका, आधी हे वाचा

भाऊ, तुम्ही रावेरहून लिहिलंय की वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं तरी ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी सुटत नाही, गोळीला उशीर झाला की घर डोक्यावर घेतात, आणि पाहुणे म्हणतात, 'व्यसनमुक्तीत टाका, सरळ होतील.' आमच्या नानांचं हुबेहूब हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. केळीचे घड वाहून वाहून कंबरेतून गेलेले. गोळी डॉक्टरनेच लिहून दिलेली. ट्रामाडॉल अफूच्याच जातीचं, त्यामुळे अंगाला त्याची सवय लागते, तीच गोळी पुरेनाशी होते आणि एखादी हुकली की जुनं दुखणंही जास्त ठणकतं. 'दुखतंय' म्हणणारा दरवेळी खोटं बोलत नसतो.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक केंद्र. नाव लिहीत नाही. पाटीवर डॉक्टर होते, मुक्कामाला कोणीच नाही, आणि सगळा खाक्या दारू सोडवण्याचा. आल्या आल्या गोळ्या काढून घेतल्या, विषय संपला. भेटायला गेलो तर नानांच्या अंगावर काटा, जांभयांवर जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब. पाय तर जागेवर ठरत नव्हते, टाचा घासून घासून गादीवरची चादर विरली होती. भिंतीवर माणसं दिसतात म्हणत होते. तिथला माणूस त्यांच्यासमोरच म्हणाला, "कायले ढोंग करी ऱ्हायना?" ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावरही काम करतं, त्यामुळे ते अचानक तोडलं की काहींना असे भास होतात, भयंकर घाबरल्यासारखं होतं. हे त्या केंद्राला माहीत नसावं, याचा राग मला आजही येतो.

त्यामुळे माझं मत ठाम आहे (कोणाला पटो न पटो): कुठेही दाखल करण्याआधी विचारा, रात्री डॉक्टर असतात का आणि मात्रा हळूहळू उतरवतात का. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. आमचं काम शेवटी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारवाल्या मॅडमनी केलं. मात्रा थोडी थोडी उतरवत, मध्ये थांबत, कित्येक महिने लागले. घरच्या घरी मात्र हा हिशोब करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात, तिथून सुरुवात करता येईल.

मेडिकलवाल्यांचंही बोलायलाच हवं. ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करायची असते. २०१८ पासून तर ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आहे. आणि आमच्याकडे? 'नेहमीचं द्या' म्हटलं की पट्टी काउंटरवर.

आणखी एक, पट्टीच्या मागे पॅरासिटामॉल आहे का बघा. जोडगोळी असेल तर जास्तीच्या गोळ्यांनी लिव्हरवर येतं. सोबत दारू किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यात श्वास मंदावतो. आणि मध्ये काही दिवस गोळी बंद राहिली असेल तर पुन्हा जुन्या मात्रेने अजिबात देऊ नका, अंगाची सवय मोडलेली असते.