शर्यतीत बदकांसाठी थांबूनही ऑलिम्पिक जिंकलेला नौकापटू कोण?

ऑस्ट्रेलियाचा बॉबी पिअर्स. १९२८, ॲमस्टरडॅम, उपांत्यपूर्व फेरी. समोरून बदकीण आणि तिची पिल्लं रांगेनं आडवी आली. गड्यानं वल्ही थांबवली, त्यांना जाऊ दिलं, आणि तरीही फ्रेंच प्रतिस्पर्ध्याला आरामात हरवलं. पुढे सुवर्णही मिळवलं. सिंगल स्कल्स, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी नाव चालवायची शर्यत; आपला दत्तू भोकनळ रिओत उतरला तोच प्रकार.

बदकांचा किस्सा सगळे सांगतात. मला पुढचं आयुष्य जास्त भावतं. पेशानं सुतार, म्हणून इंग्लंडमधल्या हेन्लीच्या डायमंड स्कल्स या हौशी खेळाडूंच्या शर्यतीत प्रवेश नाकारला. अंगमेहनतीचं काम करणारा 'हौशी' खेळाडू कसा, असा साहेबी न्याय! मंदीत काम मिळेना. शेवटी कॅनडात व्हिस्की विकायची नोकरी मिळाली. हे अंगमेहनतीचं काम नव्हतं, त्यामुळे हेन्लीचं दार उघडलं. १९३१ मध्ये त्याच हेन्लीत जिंकला आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा सुवर्ण.