वाचकांचे प्रश्न: कौलं, विहीर आणि सिझियम

कर्नाटकातल्या कैगा अणुवीज प्रकल्पाभोवती आणीबाणीच्या नियोजनासाठी 16 किलोमीटरचं वर्तुळ आखलेलं असतं असं वाचलं. आमचं चावडी गाव तिथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर आहे. म्हणजे आम्ही निर्धास्त राहायचं का?
– एक वाचक, काणकोण

वर्तुळ तयारीसाठी असतं. वारा ते पाळत नाही. जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पात मार्च 2011 मध्ये अपघात झाला तेव्हा आधी 20 किलोमीटरचा परिसर रिकामा केला गेला. पण 15 मार्चला वारा वायव्येकडे वळला, त्यात पाऊस आणि बर्फ पडला आणि बरंचसं सिझियम (अशा अपघातात बाहेर पडणारं किरणोत्सर्गी द्रव्य) इटाते गावावर उतरलं. हे गाव बहुतांशी 30 किलोमीटरच्या पलीकडे होतं. ते हलवण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. कैगाच्या अणुभट्ट्या वेगळ्या जातीच्या आहेत, जड पाण्यावर चालणाऱ्या, प्रत्येकी 220 मेगावॉटच्या. तिथे तसंच घडेल असं आम्ही म्हणत नाही. पण अंतराइतकंच महत्त्व वाऱ्याला आणि पावसाला असतं, एवढं लक्षात ठेवा. कैगा तुमच्या पूर्व-आग्नेयेला आहे, तेव्हा त्या दिशेचा वारा आणि त्याच वेळी पाऊस हा तुमच्यासाठी वाईट योग.

सूचना आली तर घाईने गाडी काढू नका. किरणोत्सर्गी ढग जात असताना रस्त्यावर अडकण्यापेक्षा घरात राहणं बरं. दारं-खिडक्या लावा, पंखे आणि एसी बंद करा. मंगळुरी कौलांच्या घरात फटींतून हवा येतेच, म्हणून जवळ स्लॅबचं घर असेल तर तिथे, बाहेरच्या भिंतींपासून लांब, मधल्या खोलीत बसा. विहिरीवर ताडपत्री घाला, गुरं गोठ्यात घ्या, वैरण झाका. बाहेरून आलेल्या माणसाने वरचे कपडे दाराबाहेरच उतरवून पिशवीत बांधावेत. अंगावर बसलेल्या धुळीतला सुमारे 90 टक्के भाग तेवढ्यानेच जातो. मग कोमट पाणी आणि साबण, अंग खसाखसा न घासता. केसांना कंडिशनर लावू नका, त्याने कण केसांना चिकटून राहतात.

आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का? आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्लं तर चालेल?
– एक वाचक, मडगाव

मिठाचा हिशेब करून पाहा. प्रौढाच्या 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीत 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्या घरात पोहोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. त्या प्रमाणाने एका गोळीएवढं आयोडीन मिळवायला साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल. माणूस त्याआधी मिठानेच मरेल. आणि आपल्याकडच्या मिठागरांतल्या साध्या मिठात तर आयोडीन घातलेलंही नसतं. जखमेवर लावायचं आयोडीन पिणं म्हणजे विषबाधा.

गोळी फक्त थायरॉइडला, आणि फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते. सिझियमवर तिचा काही उपयोग नाही. वेळ इथे फार महत्त्वाची आहे. ढग पोहोचण्याआधीच्या 24 तासांत किंवा पोहोचल्यावर दोन तासांत घेतली तर उत्तम, आठ तासांपर्यंत काही फायदा होतो, 24 तास उलटल्यावर अपाय होऊ शकतो. 3 ते 12 वर्षांच्या मुलांना 65 मिलिग्रॅम, एक महिना ते 3 वर्षांच्या बाळाला 32, नवजाताला 16. आधी लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. गोळी प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची.

याहून मोठं काम दुधाचं आहे. 1986 च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला, त्यामागे मुख्यतः दूषित गवत खाल्लेल्या गाईंचं दूध होतं. आयोडीन-131 चं अर्धायुष्य 8 दिवसांचं. 80 दिवसांत ते हजारावा भाग उरतं. तेवढे दिवस मुलांना आधीच्या तारखेची दूध पावडर दिली असती तर बरीच मुलं या आजारापासून वाचली असती.

विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर?
– एक वाचक, केपे

उकळल्याने जंतू मरतात, सिझियम तिथेच राहतं. उलट वाफ गेल्याने ते किंचित दाट होतं. तपासणी होईपर्यंत झाकलेलं किंवा बाटलीबंद पाणी वापरा.

आमचं जुनं चिरेबंदी घर, मंगळुरी कौलं, मागे कुळागर (माड-पोफळीची बाग). असं ठिकाण खरोखर स्वच्छ करता येतं का?
– एक वाचक, सावईवेरे

सिझियम-137 नष्ट करता येत नाही. ते एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येतं, किंवा 30 वर्षांनी ते निम्मं होण्याची वाट पाहता येते. म्हणून प्रत्येक पायरीला विचारायचं: उचललेलं जाणार कुठे?

काम वरून खाली करायचं. पण कौल सच्छिद्र, त्यावर शेवाळ. सिझियम त्यात घट्ट बसतं. जोराच्या पाण्याने धुतलं तर थोडंच निघतं, आणि जे निघतं ते पागोळ्यांच्या ओळीत आणि गटारात साचतं. जपानमध्ये पन्हळीच्या तोंडाशी आणि छपराच्या कडेखालच्या मातीतच असे जास्त किरणोत्सर्गाचे ठिपके सापडले. आमच्या मते मंगळुरी कौलं घासत बसण्यापेक्षा उतरवून बदलणं शहाणपणाचं, कारण ती सुटी निघतात. पन्हळीतला पाचोळा आणि गाळ आधी ओला करून हाताने पिशवीत भरायचा, धूळ उडू द्यायची नाही.

अंगणाची वरची 5 सेंटिमीटर माती काढणं हा फुकुशिमातला मुख्य उपाय. पडल्यावर सिझियम बराच काळ वरच्या थरातच राहतं. 100 चौरस मीटर अंगणाची तेवढी माती 5 घनमीटर, म्हणजे सहा-सात टन भरते. फुकुशिमात अशी सुमारे 1 कोटी 40 लाख घनमीटर माती फुताबा आणि ओकुमा इथे साठवली आहे, आणि 2045 पर्यंत ती प्रांताबाहेर नेण्याचं बंधन कायद्याने घातलं आहे. गोव्यासारख्या चिंचोळ्या राज्यात ती ठेवणार कुठे, हा प्रश्न फावडं मारण्याआधी सोडवावा लागेल. शिवाय हे काम जूनच्या आत उरकायला हवं. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसात उघडी पडलेली उतारावरची माती ओहोळातून नदीत जाते, तिच्याबरोबर सिझियमही.

कुळागरात तर माती काढूच नये, मुळं उघडी पडतील. तिथे पालाश (पोटॅशियमचं खत) कामाला येतं. मुळाला सिझियम आणि पोटॅशियम यांतला फरक नीट कळत नाही, पोटॅशियम भरपूर असलं की ते सिझियम कमी उचलतं. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, पालाश कमी असलेली, आणि सिझियम घट्ट धरून ठेवणारी चिकणमाती तिच्यात थोडी. म्हणून धोका अधिक. फुकुशिमाच्या भातशेतीत लागवडीआधी 100 ग्रॅम मातीत 25 मिलिग्रॅम पालाश उपलब्ध असावं, असं लक्ष्य ठेवलं गेलं. माडाचा दाखलाही आहे. अण्वस्त्र चाचण्यांनी दूषित झालेल्या बिकिनी बेटावर परतलेल्या लोकांना 1978 मध्ये पुन्हा हलवावं लागलं, कारण नारळातलं सिझियम त्यांच्या शरीरात साचत होतं. पुढे पोटॅशियम खत दिल्यावर खोबऱ्यातलं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलं. मात्र सिझियम जमिनीतच राहतं आणि पालाश आपल्या पावसात वाहून जातं, म्हणून खत पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. सुपारीला एरवी वर्षाला झाडामागे 140 ग्रॅम पालाश सांगतात. अपघातानंतरची मात्रा माती तपासूनच ठरवावी.

एक सवय मात्र ताबडतोब सोडावी लागेल: पाचोळा आणि झावळ्या जाळून राख माडाच्या आळ्यात टाकणं. जाळल्याने ढीग लहान होतो, सिझियम जात नाही. ते राखेत कित्येक पटींनी दाट होतं. दूषित वैरण खाल्लेल्या गुरांच्या शेणखताचंही तसंच, ते शेतात परत जातं. आणि रानातली अळंबी तपासल्याशिवाय खाऊ नका. काही जाती सिझियम भरपूर शोषतात. युरोपात चेर्नोबिलनंतर कित्येक वर्षांनीही रानअळंबीत ते सापडत राहिलं.

जपान फुकुशिमा प्रकल्पातलं पाणी समुद्रात सोडतंय. आपले बांगडे-तारले खायचे का?
– एक वाचक, वास्को

खा. ऑगस्ट 2023 पासून सोडलं जाणारं पाणी आधी गाळून त्यातले बहुतेक किरणोत्सर्गी घटक काढले जातात. ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) गाळता येत नाही, म्हणून ते लिटरमागे 1500 बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) खाली येईल इतकं पातळ करतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी 10,000 आहे. चिंता करण्याजोगा एक मासा प्रकल्पाच्या बंदरात सापडला: मे 2023 मध्ये तिथल्या तळाशी राहणाऱ्या एका माशात किलोमागे 18,000 बेकरेल सिझियम निघालं, जपानची मर्यादा 100 ची. म्हणून त्या बंदरात जाळ्या लावून मासे बाहेर जाणार नाहीत याची काळजी घेतात. आपल्या किनाऱ्यावरच्या बांगड्याचा त्या बंदराशी संबंध नाही.